विमानाची खरखर

"रविवारी ये, सगळं तयार ठेवतो," असं दशांश फोनवर ताईला म्हणाला, तेव्हा त्याची समजूत अशी होती की फार तर एक वायर जोडायची आहे.

दशांश हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात होता. दुकानांतले तराजू, पेट्रोलपंपांची मापं, औषध कारखान्यांतले नाजूक काटे असं सगळं त्याच्या टेबलावर यायचं आणि काचेच्या पेटीत ठेवलेल्या प्रमाण वजनाशी तो ते ताडून बघायचा. प्रमाण वजनाला हात लावायचा नाही, ते चिमट्यानेच उचलायचं, त्याच्यावर श्वासही सोडायचा नाही. असली नोकरी माणसाच्या अंगात मुरते. घरी कुणी आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की हा विचारायचा, "किती कमी?" नाव ऑफिसात पडलं आणि बायकोने ते मोठ्या आनंदाने घरी आणलं.

ताई त्याच्याहून पुष्कळ मोठी. आई दिवसा कामावर आणि बाबा रात्रपाळीला, त्यामुळे त्याला खऱ्या अर्थाने वाढवलं ते ताईनेच. पुढे ती शाळेत शिकवायला लागली आणि आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलली. मग घशाने असहकार पुकारला. डॉक्टरांनी महिनाभर बोलू नका म्हणून सांगितलं. तो महिना कधीच संपला, घसा बराचसा सुधारला, पण ताईला न बोलण्याची सवय लागली ती लागलीच. नोकरी सोडली, घरात एकटी, फोन केला की पलीकडून "हं" आणि "बरं" एवढंच. दशांश फोन ठेवायचा आणि बायकोला म्हणायचा, "आज तीन वेळा हं म्हणाली." बायको म्हणायची, "मोजत काय बसता? जाऊन या." गेल्यावर ताई चहा द्यायची आणि "हं" म्हणायची.

अशा ताईने एक दिवस आपण होऊन फोन केला आणि एक अख्खं वाक्य बोलली. "बाळ्या, तो विमानाचा खेळ आठवतो का रे? एकदा खेळावासा वाटतो."

ताईने आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यामुळे दशांशने जो शब्द दिला तो न मोजता दिला.

विमानाचा खेळ म्हणजे पूर्वी टीव्हीला जोडायच्या डब्यातला खेळ. नदीवरून एक विमान जातं, वाटेत पूल येतात, ते फोडायचे. तो डबा केव्हाच भंगारात गेला होता, पण आता तळहाताएवढा एक संगणक मिळतो, नुसती उघडी हिरवी पाटी, तिच्यात जुन्या डब्याचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर घातलं की जुने खेळ जसेच्या तसे चालतात. दशांशने पाटी आणली, टीव्हीला जोडली, पुस्तकात म्हटल्याप्रमाणे सगळं केलं आणि नदी दिसली. विमान दिसलं. मग आवाज सुरू झाला.

खर्रर्रर्र.

"काय तळताय?" बायकोने आतून विचारलं.

दशांशने इंटरनेटवर एका मंडळात आपली अडचण मांडली. जुन्या खेळांचे वेडे तिथे जमतात आणि एकमेकांना धीर देण्याऐवजी एकमेकांचं अज्ञान दाखवतात. एकाने लिहिलं, चार्जर बदला, वीज अपुरी पडत असेल. दशांशने चार्जर बदलला आणि फटफट असा जो एक आवाज मधूनमधून यायचा तो खरोखरच गेला. राहिली ती खरखर, विमान उडत असताना सतत येणारी, गॅसवरच्या कढईसारखी. हे यश मिळालं नसतं तर फार बरं झालं असतं. कारण त्यातून दशांशने असा निष्कर्ष काढला की आपण योग्य दिशेने चाललो आहोत.

दुसऱ्याने सांगितलं, बफर वाढवा. बफर म्हणजे आवाजाची छोटी टाकी. संगणक आवाज तयार करून टाकीत ओततो, स्पीकर टाकीतून पितो. टाकी मध्येच कोरडी पडली की खरखर. दशांशला हे तर्कशुद्ध वाटलं. त्याने टाकी वाढवली. खरखर तशीच राहिली, फक्त सगळे आवाज आता टाकीत मुक्काम करून उशिरा येऊ लागले. विमान पुलावर आपटून मरायचं, शांतपणे. मग नवीन विमान नदीवर छान उडत असताना आधीच्या विमानाच्या मृत्यूची बातमी यायची, धडाम्. खेळणाऱ्याचा हात दचकायचा आणि नवीन विमानही आपटायचं. बायकोने थोडा वेळ हे बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या ऑफिसच्या पत्रांसारखं आहे हे."

दशांशने मंडळात सविस्तर लिहिलं. मूळ खेळात विमानाचा आवाज असा नव्हता. तो वूंऽऽ असा होता, गोल, लोकरीसारखा मऊ. मध्येमध्ये एक अगदी छोटा खंड पडायचा आणि पुन्हा वूंऽऽ सुरू व्हायचा. शिवाय तो डावीकडून यायचा.

यावर मंडळात बरीच चर्चा झाली. खंड पडत असेल तर तुमचा जुना डबाही बिघडलेला होता, असं एकाने लिहिलं. तो खेळ एकाच स्पीकरचा आहे, त्यात डावं-उजवं नसतंच, असं दुसऱ्याने. आणि तिसऱ्या एका आगाऊ माणसाने विचारलं, "तुम्ही मूळ आवाज नक्की ऐकला आहे का?"

दशांशच्या जिव्हारी लागलं. प्रमाण वजन ज्याच्या हातून, म्हणजे चिमट्यातून, रोज जातं, त्याला हा प्रश्न. त्याने लांबलचक उत्तर लिहिलं, त्यात बालपण, स्मरणशक्ती आणि शिष्टाचार या तिन्ही विषयांचा परामर्श घेतला, आणि ते पाठवल्यावर त्याला दिवसभर बरं वाटलं. त्या खेळाच्या चित्रफिती इंटरनेटवर होत्या, त्याही त्याने बघितल्या. सगळ्यांत खरखर होती. याचा अर्थ त्याने असा लावला की हा दोष जगभर पसरला आहे आणि लोक मुकाट्याने सोसताहेत.

अशा वेळी वरच्या मजल्यावरचे रेडिओकाका खाली आले. त्यांचं पूर्वी रेडिओचं दुकान होतं. दुकान बंद झालं, तरी सल्ला देण्याचा विभाग त्यांनी चालू ठेवला होता.

"काय हो, हल्ली तुमच्याकडून माझ्या पलंगाखाली काहीतरी खरखरतं," ते म्हणाले.

दशांशने सगळं सांगितलं. रेडिओकाकांनी पाटी दोन बोटांत धरून उलटी केली, वास घेतला आणि ती परत ठेवली.

"नागडी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अंगावर कपडा नाही हिच्या. हवेतल्या सगळ्या लहरी आत शिरतात. आमच्या वेळी रेडिओला पत्र्याचं घर असायचं. चांदीचा कागद गुंडाळा."

"पण गरम नाही का होणार?"

"तुम्ही शिकलेली माणसं आधी शंका काढता," रेडिओकाका दुखावून म्हणाले. "गुंडाळा तर खरं."

दशांशने आधी पुठ्ठा, त्यावर चांदीचा कागद अशी काळजीपूर्वक गुंडाळी केली. पाटी आत तापत गेली. तापलेला संगणक जीव वाचवण्यासाठी कामाची गती कमी करतो, ही माहिती दशांशला होती, पण ती दुसऱ्यांच्या संगणकांबद्दलची होती. नदी संथ झाली. विमान काकवीतून उडावं तसं उडू लागलं. खरखर ताणली जाऊन तिचा घोरण्यासारखा आवाज झाला, आणि मग पडदा काळा.

"बघा, खरखर थांबली," रेडिओकाका म्हणाले.

पाटी गार झाल्यावर पुन्हा जिवंत झाली, खरखरीसकट. जाता जाता रेडिओकाकांनी दारात उभं राहून अखेरचं निदान केलं. "मग अर्थिंगच. इमारतीचं अर्थिंग गेलंय. मी बारा वर्षं सांगतोय, पण माझं ऐकतो कोण."

अर्थिंग म्हणजे विजेची जमिनीत जाणारी वाट. ती नीट नसेल तर आवाजात घरघर येऊ शकते, हे शास्त्राला धरून होतं. ते तपासायला तळमजल्यावरची मीटरची खोली उघडायला हवी आणि तिची किल्ली इमारतीच्या सचिवांकडे. दशांश संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहिला.

"किल्ली कशाला?" सचिवांनी विचारलं.

"अर्थिंग बघायचंय. आवाजात खरखर येते."

"कुणाच्या?"

"विमानाच्या."

सचिवांनी चष्मा काढला. "विमानं वरून जातात, त्याला समिती काय करणार?"

"खेळातलं विमान आहे. टीव्हीवरच्या."

"अच्छा, मुलाचा खेळ आहे होय."

"नाही," दशांश म्हणाला. "माझा."

यानंतर जी शांतता पसरली तिचं वजन करायचं तर दशांशच्या कार्यालयातला मोठा काटा लागला असता. सचिवांनी त्याच्याकडे, मग त्याच्या डोक्यावरच्या विरळ केसांकडे बघितलं.

"खेळासाठी मीटरची खोली उघडता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "अर्ज करा. पण त्यात विमान नको. विमान असलं तर समिती हसेल आणि अर्ज मागे पडेल. तुम्ही असं लिहा की विद्युत सुरक्षेबाबत गंभीर शंका आहे."

"पण तशी माझी शंका नाही."

"मग किल्ली नाही."

दशांशने आयुष्यात पहिल्यांदा असा कागद लिहिला ज्यात माप वाढवून दिलं होतं. त्याचं फळही त्याला लगेच मिळालं. गंभीर शंका हे शब्द वाचून समिती घाबरली. कुणाला तरी आपला फ्रिज अधूनमधून चावतो हे आठवलं, कुणाला गीझरबद्दल पूर्वीपासून संशय होता. संपूर्ण इमारतीची तपासणी करायचं ठरलं आणि लिफ्टच्या दारावर सूचना चिकटली: 'एका सभासदाने केलेल्या गंभीर तक्रारीवरून रविवारी अकरा वाजल्यापासून काम संपेपर्यंत वीज बंद राहील.'

"रविवारी?" बायको म्हणाली. "ताई येणार त्याच रविवारी?"

"मी दिवस मागितला नव्हता," दशांश म्हणाला.

"नाव नाही घातलं ते बरं केलं," बायको म्हणाली. पण नाव घालायची गरज नव्हती. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण दशांशकडे बघून म्हणायचा, "काय, मग रविवारी अंधार का?"

त्या आठवड्यात दशांशने उरलेलं सगळं करून बघितलं. आवाजाचा वेग बदलला, चित्राचा वेग बदलला, दोघांची सांगड घातली, मग मोडली. स्पीकर बदलला. स्पीकर डावीकडे ठेवला. डावीकडे ठेवल्यावर खरखर डावीकडून आली, ही एवढीच प्रगती. ऑफिसात त्याने एका तराजूवर 'खरखर नाही' असा शेरा मारला आणि साहेबांनी त्याला बोलावून तब्येत विचारली.

रविवारी सकाळी तो अखेरचा प्रयत्न करत होता. अकराच्या आत आणखी एक मांडणी बघून घ्यायची आणि पाटी रीतसर बंद करायची, कारण असल्या संगणकाची वीज अचानक गेली तर त्याच्या मेमरी कार्डावरचं सगळं विस्कटू शकतं. पण वायरमन वेळेच्या आधी आला. असं त्या इमारतीत कधी झालेलं नव्हतं आणि पुन्हा होण्याची शक्यता नाही. विमान पुलाच्या तोंडाशी असताना पडदा मिटला.

पाठोपाठ लिफ्टमधून रेडिओकाकांचा आवाज आला. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये होते.

"दशांशराव," ते पोकळ आवाजात म्हणाले, "तुमच्याकडेच येत होतो. वायरीला बसवायची लोखंडी कडी सापडलीय, खरखर शोषून घेते."

"काका, घाबरू नका, काढतो तुम्हाला."

"मी कशाला घाबरू. हे अर्थिंगच आहे, सांगितलं होतं ना."

काकांना काढायला दशांश, सचिव आणि वायरमन असे तिघे लागले. ते हात आणि कडी आधी वर देऊन मग स्वतः आले आणि सगळ्यांदेखत दशांशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हे सगळं या एका माणसाने घडवून आणलं." त्याच वेळी ताई जिना चढून वर आली. धाप लागलेली, हातात पिशवी. गर्दी बघून ती थांबली.

"ये ताई, वीज गेलीय जरा," दशांश म्हणाला.

"हं," ताई म्हणाली.

घरात ती खिडकीपाशी बसली. बायकोने पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. "बरा." घसा कसा आहे विचारलं. "बरा." दशांशने काळ्या पडद्याकडे बघत तिला बफरची कल्पना समजावून सांगितली. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली, जशी ती शाळेत मंद मुलाच्या उत्तरावर डोलावत असावी. पंखा बंद असला की घरातलं न बोलणं फार ऐकू येतं.

बऱ्याच वेळाने वायरमन दारात आला. "साहेब, तुमचं अर्थिंग अगदी उत्तम आहे. सगळ्या इमारतीत चांगलं तुमचंच." मागे सचिव उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की काहीतरी बिघडलेलं निघालं असतं तर त्यांनी दशांशला माफ केलं असतं.

वीज आली. पडद्यावर नदी आली नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथेच उभी राहिली. कार्ड गेलं होतं. इतक्या दिवसांच्या सगळ्या मांडण्या, सगळे वेग, टाकीची मापं, सगळं पुसलं गेलं होतं. पहिल्या दिवशी काढून ठेवलेली कार्डाची नक्कल तेवढी होती. त्याने ती भरली. नदी आली, विमान आलं.

खर्रर्रर्र.

अगदी पहिल्या दिवशी होती तशीच. जराही जास्त नाही, जराही कमी नाही. इतके बदल केले आणि इतके बदल पुसले, तरी मोजमाप हलत नसेल, तर त्याचा अर्थ काय होतो हे दशांशने ऑफिसातल्या कुठल्याही शिकाऊ उमेदवाराला समजावून सांगितलं असतं. पण तो आता त्या अवस्थेच्या पलीकडे होता. तो जमिनीवर बसला.

"ताई, माझ्याच्याने नाही झालं," तो म्हणाला. "तू एवढी एक गोष्ट मागितलीस. सगळं केलं मी. ही खरखर जात नाही."

"कुठली खरखर?"

"ही काय. ऐकू नाही का येत?"

ताईने कान दिला. "हे तर इंजिन आहे विमानाचं."

"इंजिन असं नव्हतं. मला पक्कं आठवतं. वूंऽऽ असं होतं."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"बाळ्या," ती म्हणाली, "आपल्या टीव्हीला आवाज होता कुठे?"

"म्हणजे?"

"बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. आवाजाचं बटण उपसून काढायचे आणि उशीखाली घेऊन झोपायचे. खेळा म्हणायचे, पण मुक्याने. विसरलास?"

दशांशला बटण आठवलं. टीव्हीच्या अंगावरचं ते भोक आठवलं, ज्यात तो बोट घालायचा. त्याच्या डोळ्यांसमोर काचेची पेटी आली आणि तिच्यात काहीच नव्हतं.

"मग मला जो आठवतो तो आवाज?"

"मी करायचे. आवाज नसला की तू भोकाड पसरायचास आणि बाबा उठायचे. मग मी मैत्रिणीकडे जाऊन ऐकून आले आणि तुझ्या कानाशी बसून करायला लागले. हळू, पलीकडे बाबांपर्यंत जाऊ नये असा." इतकं बोलून ताई घोटभर पाणी प्यायली. कित्येक महिन्यांत ती एका दमात एवढं बोलली नसेल.

दशांशला मंडळातला तो आगाऊ माणूस आठवला आणि त्याला पाठवलेलं उत्तरही, तिन्ही विषयांसकट.

"आणि खरखर?" त्याने विचारलं. "मैत्रिणीकडे ती होती ना? मग ती का नाही केलीस?"

"घसा दुखायचा," ताई म्हणाली.

दशांशने रिमोट घेतला आणि आवाज पार बंद केला. नदी मुक्याने वाहू लागली. त्याने खेळायची दांडी हातात घेतली आणि ताईकडे बघितलं. ताई खुर्चीवरून उठली, गुडघ्याला हात लावत त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. डावीकडे.

"ताई, पण तुझा घसा. डॉक्टर बोलू नका म्हणाले होते ना."

"हे बोलणं थोडंच आहे," ती म्हणाली, आणि सुरू झाली.

वूंऽऽ. मग श्वास. मग पुन्हा वूंऽऽ. पण वर्गांमागून वर्ग शिकवून झिजलेला घसा तो, गोल आवाजाला आता कडा फुटल्या होत्या आणि प्रत्येक वूंच्या तळाशी काहीतरी चरचरत होतं.

"गेली का हो एकदाची खरखर?" बायकोने आतून विचारलं.

"नाही," दशांश म्हणाला, आणि बोलण्याच्या नादात त्याचं विमान पुलावर आपटलं. स्फोटाचा आवाज डावीकडून, अगदी वेळेवर आला.